तांब्याच्या तारेवरचे इंटरनेट: वेग किती मागायचा, स्थैर्य किती राखायचे

बेळगाव जिल्ह्यात डीएसएलची, म्हणजे फोनच्या तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटची, दुखणी तालुक्यागणिक वेगळी आहेत. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात लाइन ओल्या जॉइंटांशी झगडते. चिकोडी, रायबाग, अथणीकडे शेतातल्या घरांत पंपसेटची मोटर सुरू झाली की मोडेमचा दिवा लुकलुकायला लागतो. बेळगाव शहरात टिळकवाडी किंवा शहापूरच्या जुन्या घरांमध्ये एक्सचेंज हाकेच्या अंतरावर असते, तरी घरातल्या जुन्या वायरिंगमुळे कनेक्शन रखडते. मागणी मात्र सगळीकडे एकच असते, स्पीड वाढवून द्या.

माझे मत असे आहे की स्पीड शेवटी मागावा. लाइन आधी स्थिर करून घ्यावी आणि मग जो वेग तिला झेपेल तो घ्यावा. दिवसभर न तुटणारे ५ एमबीपीएस हे तासातासाला तुटणाऱ्या ८ एमबीपीएसपेक्षा मुलांच्या ऑनलाइन तासाला, बँकेच्या व्यवहाराला आणि घरून काम करणाऱ्याला कितीतरी जास्त कामाचे असतात. तुमच्या गल्लीत फायबर आला असेल तर तो घ्या, पुढचे वाचायची गरज नाही. ज्यांच्या दारापर्यंत अजून तांब्याची जोडीच येते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. खालची कामे ज्या क्रमाने दिली आहेत त्याच क्रमाने करा. वायरिंग तशीच ठेवून प्रोफाइल, म्हणजे एक्सचेंजमधून लाइनला लावलेली वेगाची पायरी, बदलत बसलात तर लाइनचा खरा दोष कधीच कळणार नाही.

लाइनवर नेमके काय चालते

आपल्याकडे घरगुती ब्रॉडबँड मोठ्या प्रमाणावर पोहोचला तो २००५ साली, बीएसएनएलच्या डेटावन सेवेतून. एडीएसएल हा डीएसएलचाच घरगुती प्रकार. मूळ एडीएसएल फोनच्या तारेवर सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंतची जागा वापरते, एडीएसएल२+ ती २.२ मेगाहर्ट्झपर्यंत नेते. ही जागा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या छोट्या पट्ट्यांत विभागलेली असते. त्यांना टोन म्हणतात. एडीएसएल२+ मध्ये असे ५१२ टोन असतात. मोडेम जोडला जाताना प्रत्येक टोनवर गोंगाट किती आहे हे तपासतो आणि त्या टोनवर किती बिट टाकायचे ते ठरवतो. शांत टोनवर जास्त, गोंगाटाच्या टोनवर कमी, अगदी खराब टोनवर शून्य.

सगळी क्षमता मोडेम वापरून टाकत नाही. गोंगाट अचानक वाढला तर निभावे म्हणून थोडी जागा राखून ठेवतो. तिला एसएनआर मार्जिन म्हणतात आणि ती डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीमध्ये मोजतात. साधारणपणे ६ डीबी मार्जिन धरून लाइन जोडली जाते. वेग आणि स्थैर्य यांच्यातला सगळा व्यवहार या एका आकड्यावर चालतो. हिशेबही सोपा आहे: ३ डीबी जास्त मार्जिन राखायचे तर चालू असलेल्या प्रत्येक टोनवरचा साधारण १ बिट सोडावा लागतो, आणि प्रत्येक बिट ४ केबीपीएस (सेकंदाला ४ किलोबिट) वेग देतो. तुमच्या लाइनवर २५० टोन चालत असतील तर ६ वरून ९ डीबीवर जाण्याची किंमत सुमारे १ एमबीपीएस पडते. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे तो लागणार आहे.

पहिले काम: मोडेमचे पान वाचा

ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता टाका. बहुतेक मोडेमवर तो १९२.१६८.१.१ असतो, आणि पासवर्ड मोडेमच्या तळाच्या चिठ्ठीवर मिळतो. आत 'स्टेटस' किंवा 'डीएसएल' नावाचे पान असते. तिथले पाच आकडे वहीत उतरवून घ्या.

सिंक रेट म्हणजे तुमचा मोडेम आणि एक्सचेंजमधले यंत्र यांच्यात ठरलेला वेग. स्पीड टेस्टमध्ये तेवढा आकडा कधीच दिसत नाही. डेटा ५३ बाइटच्या पेट्यांत जातो, त्यातले ५ बाइट पत्त्याचे. वर पीपीपीओईचा, म्हणजे लॉगिनच्या पद्धतीचा, भार. सगळे वजा करता हाती सुमारे ८५ टक्के उरते. म्हणजे ८१९२ केबीपीएस सिंक असेल तर टेस्टमध्ये ७ एमबीपीएस दिसणे हे उत्तम लाइनचे लक्षण आहे. यासाठी तक्रार करू नका.

अटेन्युएशन म्हणजे वाटेत सिग्नल किती झिजला. ढोबळ मानाने दर किलोमीटरला १३ ते १४ डीबी. तुमचा आकडा ४२ असेल तर तार सुमारे ३ किलोमीटर लांब आहे असे समजा. हा आकडा तुम्हाला बदलता येत नाही. पण शेजाऱ्याचा २८ आणि तुमचा ४५ असेल, आणि दोघे एकाच डीपी बॉक्सवर (घरांच्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी) असाल, तर तुमच्या जोडीत कुठेतरी बिघाड आहे, हे या एका तुलनेतून कळते.

तिसरा आकडा मार्जिनचा. डाउनस्ट्रीम (एक्सचेंजकडून घराकडे) आणि अपस्ट्रीम (घराकडून एक्सचेंजकडे), दोन्ही लिहा. चौथा सीआरसी, म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका. तासाला थोड्या झाल्या तर चालते. मिनिटाला शेकड्यांनी वाढत असतील तर लाइन आजारी आहे. जवळच एफईसी नावाचा मोठा आकडा दिसेल, त्याला घाबरू नका, त्या दुरुस्त झालेल्या चुका असतात. पाचवा आकडा लिंक किती वेळ टिकून आहे त्याचा.

एकदा बघून भागत नाही. सकाळी, दुपारी, रात्री नऊच्या सुमारास आणि भर पावसात, असे आठवडाभर लिहा. रात्री मार्जिन २-३ डीबीने उतरलेले दिसले तर त्याचे कारण बहुधा आकाशात असते. मध्यम लहरींची रेडिओ केंद्रे आणि एडीएसएल एकाच वारंवारतेत राहतात, आणि सूर्यास्तानंतर दूरच्या केंद्रांच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून लांबवर पोहोचतात. धारवाड आकाशवाणीची ७६५ किलोहर्ट्झची लहर १७७ व्या टोनच्या आसपास येते. उघड्या, खांबांवरून लोंबत आलेल्या तारेत अशा लहरी सहज शिरतात. दुपारी ६ डीबीवर जोडलेली लाइन रात्री ३ वर येऊन तुटते ती यामुळे. उपाय साधा आहे: लाइन वारंवार तुटत असेल तर मोडेम रात्री आठ-नऊला एकदा बंद करून चालू करा. त्या वेळचा गोंगाट गृहीत धरून तो जोडला जाईल, सिंक थोडा कमी मिळेल, आणि सकाळपर्यंत टिकेल. मात्र पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका. काही ठिकाणी एक्सचेंजची यंत्रणा त्याला लाइनचा दोष समजून वेग आणखी उतरवते.

दिव्यांकडेही बघा. डीएसएलचा दिवा स्थिर असून फक्त इंटरनेटचा दिवा गेला, तर तार ठीक आहे, अडचण लॉगिनची किंवा एक्सचेंजच्या पुढची आहे. डीएसएलचा दिवाच लुकलुकत असेल तर दोष तारेत. आणि दोन्ही दिवे स्थिर, सिंक तोच, पण संध्याकाळी सगळेच रेंगाळते, तर ती पुढच्या मार्गावरची गर्दी आहे. त्यावर घरात बसून काही करता येत नाही. तिथे मार्जिनला हात लावू नये.

दुसरे काम: घरातली तार

माझ्या मते निम्मी लढाई इथेच जिंकली जाते, आणि खर्च शंभर-दोनशे रुपयांच्या पुढे सहसा जात नाही.

आधी एक चाचणी. बाहेरून आलेली ड्रॉप वायर घरात ज्या पहिल्या रोझेट बॉक्सवर येते तिथून घरातल्या बाकी सगळ्या तारा सोडवा. फोन काढा, पॅरलल एक्स्टेंशन काढा, मोडेम थेट त्या बॉक्सला छोट्या तारेने जोडा. तासभर आकडे बघा. मार्जिन वाढले, सीआरसी थांबले, तर दोष घरात आहे. काहीच फरक पडला नाही तर तो बाहेर आहे, तिसऱ्या कामाकडे जा.

स्क्रू फिरवताना एक सांभाळा. फोनच्या तारेवर एरवी सुमारे ४८ व्होल्ट डीसी असते, पण घंटी वाजताना ७५ व्होल्टच्या वर एसी येते. कोरड्या हाताने, चप्पल घालून काम करा. आभाळ गडगडत असेल तर तारेला अजिबात हात लावू नका.

दोष घरात निघाला तर पुढचे असे. स्प्लिटर म्हणजे फोनचा आवाज आणि नेटचा सिग्नल वेगळे करणारी डबी. तिला तीन तोंडे असतात: लाइन, फोन आणि मोडेम. स्प्लिटर पहिल्याच बॉक्सवर बसवा आणि घरातले सगळे फोन त्याच्या फोनच्या तोंडातूनच पुढे न्या. स्प्लिटरच्या आधी एखादे एक्स्टेंशन निघालेले असेल, माडीवरच्या खोलीतला फोन किंवा कधीकाळी फॅक्ससाठी ओढलेली तार, तर ते सिग्नलला दुसरीकडे ओढते. दुसऱ्या टोकाला काहीही जोडलेले नसले तरी ओढते. अशी मेलेली तार काढून टाका. फोन वाजला की किंवा उचलला की नेट तुटते, असे होत असेल तर पहिला संशय स्प्लिटरवर, दुसरा जॉइंटवर. स्प्लिटर स्वस्त आहे, नवा लावून बघा. फक्त अपस्ट्रीमचे मार्जिन खराब आणि डाउनस्ट्रीमचे चांगले असेल, तरीही बोट इकडेच जाते, कारण अपस्ट्रीम खालच्या टोनवर, आवाजाच्या अगदी शेजारी चालतो.

बॉक्सपासून मोडेमपर्यंत चपटी, सरळ तार लांबवर नेऊ नका. तिचे दोन धागे एकमेकांना पिळलेले नसतात, त्यामुळे वाटेतला गोंगाट ती गोळा करत जाते. लांब न्यायचेच असेल तर कॅट-५ केबलची एक पिळलेली जोडी वापरा. त्याहून चांगले म्हणजे मोडेम बॉक्सजवळ ठेवा आणि पुढे लॅन केबल ओढा. जुने जॉइंट नुसते पिळून टेप गुंडाळलेले असतील, हिरवा गंज चढला असेल, तर ते कापा आणि जेल भरलेल्या कनेक्टरने नव्याने जोडा. खानापूर भागातल्या दमट घरांत टेपचा जॉइंट फार काळ टिकत नाही.

आता गोंगाटाचा शोध. यासाठी जुना ट्रान्झिस्टर रेडिओ फार उपयोगी. मध्यम लहरीवर, कुठलेही केंद्र लागत नाही अशा मोकळ्या जागी काटा आणा. ६१२ ला बंगळूर आणि ७६५ ला धारवाड लागेल, ते टाळून मधली जागा घ्या. मग घरभर फिरा. एलईडी बल्ब, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्तातला मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, यांपैकी ज्याच्याजवळ खरखर वाढते ते बंद करून मोडेमचे मार्जिन बघा. कधी मोडेमचाच अडॅप्टर दोषी निघतो. सापडलेली वस्तू बदला, किंवा तिची तार फोनच्या तारेपासून हातभर दूर न्या. विजेची आणि फोनची तार एकाच पाइपमधून नेलेली असेल तर ती वेगळी करणे भाग आहे.

शेतातल्या घरी पंपाचा प्रश्न वेगळा असतो. थ्री-फेज वीज ठरावीक वेळेलाच येते, आणि ती आली की आसपासच्या सगळ्या मोटरी जवळजवळ एकदम सुरू होतात. त्या क्षणी दोन गोष्टी घडतात: स्टार्टरच्या ठिणगीचा झटका तारेत शिरतो आणि व्होल्टेज बसते. व्होल्टेज बसल्याने मोडेम रीस्टार्ट होत असेल तर लाइनला दोष देऊन उपयोग नाही. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मोडेमला लावा. हेस्कॉमची वीज गेल्यावरही नेट चालू राहते हा वरचा फायदा.

आणि वळीव. एप्रिल-मे मधला गडगडाट मोडेम जाळतो तो बहुतेक वेळा फोनच्या तारेतून. नुसता विजेचा स्विच बंद करून चालत नाही. फोनची तार आणि अडॅप्टर दोन्ही उपसा, लॅन केबलही काढा. तारेवर सर्ज प्रोटेक्टर लावायचा तर त्याला खरे अर्थिंग हवे. अथणीकडच्या कोरड्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते.

तिसरे काम: घराबाहेरची तार

घरातून डीपी बॉक्स, तिथून पिलर (रस्त्याकडेची केबलची पेटी), तिथून जमिनीखालच्या केबलने एक्सचेंजचा एमडीएफ, म्हणजे सगळ्या तारा जिथे जोडतात ती चौकट. या वाटेवर जितके जॉइंट तितक्या पाणी शिरण्याच्या जागा. रस्त्याचे काम झाले, गटार खणले, की केबलला टोच पडते आणि पहिल्या पावसात ती बोलते.

फोन उचलून एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि शांततेत कान लावा. खरखर, चरचर ऐकू आली तर जॉइंट ओला किंवा गंजलेला आहे. पाऊस पडला की बिघडते आणि दोन दिवस ऊन पडले की सुधारते, हे ओल शिरल्याचे जवळजवळ पक्के लक्षण. उलट फोन पूर्ण बंद पण नेट रडतखडत चालू, असे दिसले तर जोडीतला एक धागा तुटलेला असू शकतो; वरच्या वारंवारतेचा सिग्नल तुटलेल्या जागेवरूनही थोडा ओलांडतो.

तक्रार देताना 'नेट चालत नाही' एवढेच लिहू नका. वहीतले आकडे द्या: 'कोरड्या दिवशी मार्जिन ११, पावसात ४, अटेन्युएशन ४२ वरून ४७, फोनवर खरखर आहे, मोडेम पहिल्या बॉक्सवर लावून तपासला.' लाइनमनशी बोलणे मराठीत होवो की कन्नडमध्ये, हे आकडे दोन्हींत सारखेच कळतात, आणि त्याचा घरातली वायरिंग तपासण्याचा वेळ वाचतो. मागणीही नेमकी करा: डीपीवरचा जॉइंट नव्याने करून द्या, नाही जमले तर पिलरपासून दुसरी मोकळी जोडी द्या, तरीही नाही तर एक्सचेंजमधला पोर्ट बदला. याच क्रमाने मागा. काम करणाऱ्या माणसाला चहा द्या आणि काम चालू असताना मोडेमच्या पानावर मार्जिन किती बदलले ते त्याला तिथल्या तिथे सांगा. यासारखी मदत दुसरी नाही, कारण खांबावर चढलेल्या माणसाला फक्त डायल टोन ऐकू येतो.

चौथे काम: आता सौदा करा

वायरिंग झाली, जॉइंट झाला. आता जी लाइन आहे ती आपली. इथून पुढे वेग देऊन स्थैर्य घ्यायचे किंवा उलट.

रात्रीचे सर्वांत कमी मार्जिन ५ डीबीच्या वर राहत असेल आणि लिंक आठवडाभर टिकत असेल, तर काही बदलू नका. मार्जिन कायम १४-१५ असेल तर तुमची लाइन जास्त वेग झेपवू शकते; वरच्या प्लॅनची किंवा प्रोफाइलची मागणी बिनधास्त करा. मार्जिन रात्री ३ च्या खाली जात असेल तर प्रोफाइल एक पायरी खाली आणायला सांगा, किंवा ९ डीबीचे लक्ष्य मागा. वरच्या हिशेबाने १ एमबीपीएसच्या आसपास जाईल. जाऊ द्या.

तार ४ किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब असेल तर मोडेमच्या सेटिंगमध्ये 'ऑटो' काढून एडीएसएल२ किंवा जी.डीएमटी (मूळ एडीएसएल) निवडून पाहा. इतक्या लांबवर एडीएसएल२+ चे वरचे टोन तसेही मेलेले असतात. काही मोडेम या जुन्या पद्धतींवर जास्त टिकून राहतात. हे आपल्या हातातले, फुकटचे आणि परत फिरवता येणारे काम आहे. बिटस्वॅप चालू ठेवा. त्याने लाइन न तोडता खराब टोनवरचे बिट चांगल्या टोनवर हलवता येतात.

इंटरलीव्हिंग हा दुसरा सौदा. पंपाचा स्टार्टर किंवा ट्यूबलाइटचा झटका क्षणभराचा असतो, पण त्या क्षणातले सगळे बिट मारतो. इंटरलीव्हिंग डेटा विस्कटून पाठवते, त्यामुळे एका झटक्याचे नुकसान अनेक तुकड्यांत थोडे थोडे वाटले जाते आणि दुरुस्त होऊ शकते. किंमत वेळेत मोजावी लागते: पिंग, म्हणजे डेटा जाऊन उत्तर परत येण्याचा वेळ, १०-२० मिलिसेकंदांनी वाढतो. ऑनलाइन खेळणारी मुले 'फास्ट पाथ', म्हणजे इंटरलीव्हिंगशिवायची लाइन, मागतात. शहरात, एक्सचेंजपासून किलोमीटरभरात, सीआरसी शून्याजवळ असतील तर जरूर घ्या. शेतवस्तीवर घेऊ नका. तिथे फास्ट पाथवर हरवलेला डेटा पुन्हा मागवण्यात जो वेळ जातो तो वाचवलेल्या पिंगपेक्षा जास्त असतो, आणि व्हिडिओ कॉल अडखळतो.

पाचवे काम: अपलोडची रांग

लाइन ठणठणीत असूनही 'कोणी फोटो पाठवायला घेतले की सगळ्यांचे नेट मरते' ही तक्रार राहते. तिचा तारेशी संबंध नाही. समजा तुमचा अपलोड ८०० केबीपीएस आहे आणि मोडेममध्ये १२८ किलोबाइटची साठवण आहे. ती भरली की तुमच्या प्रत्येक नव्या क्लिकला त्या रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते, आणि रांग सरकायला १.३ सेकंद लागतात. मोबाइलमधले फोटो आपोआप बॅकअप होत असतील तर हे दिवसभर चालते.

पहिला उपाय: सगळ्या मोबाइलांचा बॅकअप रात्री झोपेच्या वेळेवर टाका. दुसरा: राउटरमध्ये क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल (वेगाची मर्यादा घालायची सोय) असेल तर अपलोडची मर्यादा सिंकच्या ८० ते ८५ टक्के, म्हणजे ८०० वर ६५० च्या आसपास ठेवा. त्यामुळे रांग मोडेममध्ये साचत नाही, राउटरच्या ताब्यात राहते. तिसरा, थोडी आवड असलेल्यांसाठी: मोडेम ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो फक्त सिग्नल पुढे देईल आणि लॉगिन राउटर करेल. मागे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मोफत प्रणाली) चालणारा राउटर लावून त्यात एसक्यूएम, म्हणजे रांग सांभाळण्याची सोय, सुरू करा. केक ही पद्धत निवडा, लिंक लेयर एटीएम आणि ओव्हरहेड ४४ भरा. मग सिंकच्या ९० टक्क्यांपर्यंत जाता येते, कारण ५३ बाइटच्या पेट्यांचा हिशेब ती स्वतः ठेवते. डाउनलोडलाही अशीच मर्यादा घाला. स्पीड टेस्टचा आकडा कमी दिसेल आणि घरातले चौघे एका वेळी कामे करू शकतील. ब्रिज मोडवर जाण्याआधी व्हीपीआय-व्हीसीआयचे (लाइनवरच्या जोडणीचा क्रमांक) आकडे, अनेक ठिकाणी ० आणि ३५, आणि पीपीपीओईचे नाव-पासवर्ड उतरवून ठेवा. एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या पाकिटाचा कमाल आकार, १४९२ ठेवा.

वायफायबद्दल थोडेच. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींतून सिग्नल नीट जात नाही, म्हणून लाइन तपासताना कधीही वायफायवर तपासू नका, लॅन केबल लावा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनल घ्या.

हे सगळे झाले की बदल एका वेळी एकच करा आणि प्रत्येकानंतर दोन दिवस आकडे लिहा. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागण्याआधी, ड्रॉप वायरचा घरात शिरण्याचा बिंदू तपासा. तार भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर वळवलेली असावी, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जाते आणि बॉक्समध्ये उतरत नाही.